हाक मारू नका

मानवी विकासाच्या मानसशास्त्राचा अभ्यास सुरू झाला आणि त्या घरात कोणाला सुखाने शिंकायचीही सोय उरली नाही. समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी थोरली लेक, जिला सगळं घर कौतुकाने आणि थोडं वैतागून 'शहाणी' म्हणायचं, ती सकाळचा चहा पिता पिता एकेकाला टप्प्यात बसवायची. धाकटा भाऊ महिन्यात तिसऱ्यांदा केसांची तऱ्हा बदलून आला, म्हणजे तो स्वतःच्या ओळखीच्या शोधात होता. बाबांनी गच्चीवर चार कुंड्या आणून ठेवल्या, म्हणजे ते आपल्यामागे काहीतरी ठेवून जाण्याच्या वयात होते. एकट्या आईला तिने अजून कुठल्या टप्प्यात बसवलं नव्हतं, कारण आई मुळात बसतच नसे.

"आणि मला कुठल्या खणात टाकलंस?" आईने ओट्याशी उभ्या उभ्या वाटाणे सोलताना विचारलं.

"खण नसतात गं ते. टप्पे असतात. माणूस एकातून दुसऱ्यात जातो."

"जातो ना? मग बरं. मला वाटलं, एकदा आत टाकलंस की तू बाहेरून कडी लावतेस."

भाऊ खो खो हसला. शहाणीही हसली, पण तिला ते जरासं झोंबलं. तिची आपली एवढीच चूक होती की तिला अभ्यास मनापासून आवडायचा. टप्प्याटप्प्याची कार्डं तिने रंगीत कागदावर लिहून काढली होती: तान्ह्या वयाची गुलाबी, शाळकरी वयाची हिरवी, म्हातारपणाची करडी. बसमध्ये समोर कोणी बसलं की तिच्या मनात आपोआप एक कार्ड वर यायचं. त्यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते ठकीच्या वेळी.

शहाणीचं क्षेत्रकार्य मुलांच्या एका कार्यालयात होतं. ज्या मुलांना आईवडील उरले नाहीत, त्यांना आधी तात्पुरतं एखाद्या घरी ठेवायचं आणि जमलं तर पुढे तेच घर कायमचं करायचं, हे त्या कार्यालयाचं काम. सोमवारी तिला पहिली स्वतंत्र केस मिळाली. पोर पावणेतीन वर्षांची. अकरा महिन्यांपासून ती एका बस चालवणाऱ्या बाईंकडे राहत होती. बाई चाळिशीच्या, एकट्या, आवाज मोठा आणि हात त्याहून मोठे. त्यांना सगळे ड्रायव्हरबाई म्हणत. मुलीचं कागदावरचं नाव वेगळं होतं, पण डेपोतल्या लोकांनी तिला ठकी करून टाकलं होतं, कारण ती कधीकधी लाकडी बाहुलीसारखी बसून राहायची. ठकी ड्रायव्हरबाईंना 'डायवल' म्हणायची. ऐकेल ते बोलण्याचं वय. आजूबाजूला सगळे ड्रायव्हर, ड्रायव्हर करत असताना तिने दुसरं काय म्हणावं?

शुक्रवारी समिती बसणार होती आणि ठकीला कायमची ड्रायव्हरबाईंकडे द्यायची की दुसरं घर शोधायचं, ते ठरणार होतं. समितीपुढे अहवाल जाणार होता शहाणीचा. त्यात सगळ्यात वजनदार रकाना होता जवळिकीचा. त्या वयाचं मूल एका माणसाला आपलं मानतं, त्याच्या भरवशावर जग पाहायला निघतं आणि घाबरलं की त्याच्याकडे परत येतं, असं पुस्तक सांगत होतं. ते तपासण्याची रीतही होती. अनोळखी खोलीत मूल आणि सांभाळणारी व्यक्ती बसते, ती व्यक्ती तीन मिनिटं बाहेर जाते, परत येते, आणि निरीक्षक कोपऱ्यात बसून लिहून घेतो. जाताना मूल कासावीस झालं आणि आल्यावर धावत जाऊन शांत झालं, तर ठीक. जाण्यायेण्याची त्याला काही पर्वाच नसली, तर काळजीची गोष्ट.

सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं की व्यक्तीने परत आल्याबरोबर मुलाला उचलून घेऊ नये, मूल आपणहून काय करतं ते पाहावं. त्याच सोमवारी तपासणीच्या वेळी शहाणीला वाटलं, एवढ्याने भागायचं नाही. निरीक्षण कसं स्वच्छ हवं. तिने आपल्या पदरचं एक वाक्य जोडलं.

"आणि ड्रायव्हरबाई, आत आल्यावर हाकही मारू नका हं. एक शब्द नाही. गप येऊन खुर्चीवर बसा."

"गप?" ड्रायव्हरबाई म्हणाल्या. "बरं. तुम्ही शिकलेल्या. मी बसते गप."

त्या बाहेर गेल्या. ठकीने दाराकडे एकदा पाहिलं आणि लाकडी ठोकळ्यांवर ठोकळे चढवत राहिली. ना रडणं, ना भोकाड. तीन मिनिटांनी दार उघडलं. ठकीने हातातला ठोकळा खाली ठेवला, दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि भिंतीला टेकून ताठ बसली. ड्रायव्हरबाई खुर्चीवर बसल्या. ठकी जागची हलली नाही. नुसती टकामका पाहत राहिली. शहाणीने पुन्हा बाई बाहेर, पुन्हा आत, असं एकूण तीनदा केलं आणि तिन्ही वेळा तेच झालं. तिसऱ्या वेळी ड्रायव्हरबाईंचा चेहरा उतरला होता. त्यांचे ते मोठे हात मांडीवर असे पडले होते की जणू दुसऱ्या कोणाचे असावेत.

"कशी झाली परीक्षा?" निघताना त्यांनी विचारलं.

इथे कोणीही मऊ काहीतरी बोललं असतं. पण शहाणीला खोटं बोलवत नव्हतं आणि खरं काय ते अजून कळलं नव्हतं. ती म्हणाली, "ती तुमच्याकडे आली नाही. तुम्ही पाहिलंतच ना."

"पाहिलं," ड्रायव्हरबाई म्हणाल्या आणि ठकीला कडेवर घेऊन जिना उतरल्या.

शहाणीने त्याच दिवशी अहवाल लिहिला. अक्षर मोत्यासारखं, मुद्दे क्रमाने. 'विरहाच्या वेळी अस्वस्थता नाही. पुनर्भेटीच्या वेळी प्रतिसाद नाही. जवळीक अलिप्त स्वरूपाची. अन्य कुटुंबाचा विचार व्हावा.' बुधवारी तिने तो मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडम म्हणजे तिच्या क्षेत्रकार्यावर देखरेख करणाऱ्या प्राध्यापिका. तीस वर्षं याच कामात मुरलेल्या. त्यांनी अहवाल वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे कुठे पाहिलंस?"

"आपल्या निरीक्षणाच्या खोलीत. तीनदा केलं, मॅडम. तिन्ही वेळा एकच उत्तर."

"तीन वेळा एकाच खोलीत पाहिलंस. ते पोर दिवसभर असतं कुठे?"

"डेपोच्या पाळणाघरात. ड्रायव्हरबाईंची ड्यूटी असते ना."

"तिथे गेली होतीस?"

शहाणीने नकारार्थी मान हलवली. तिला वाटलं होतं मॅडम पाठ थोपटतील.

"उद्या जा," मॅडम म्हणाल्या. "अख्खी पाळी तिथे बस. तोवर हा अहवाल माझ्या खणात राहील. आणि जाताना ती रंगीत कार्डं नेऊ नकोस."

गुरुवारी सकाळी शहाणी तणतणतच डेपोत पोचली. जायचं म्हणून जायचं, अहवालात एक ओळ वाढवायची आणि परत यायचं, असा तिचा बेत होता. पाळणाघर म्हणजे पूर्वीची टायर ठेवायची खोली. चुना मारून स्वच्छ केलेली, तरी रबराचा वास गेलेला नव्हता. दाराला अर्धी फळी, दारासमोर जमिनीवर जाड पिवळी रेघ आणि रेघेपलीकडे बसगाड्यांचं मोठं मैदान. आत चार मुलं आणि त्यांना सांभाळणाऱ्या एक जाड्या, हसऱ्या मावशी.

ड्रायव्हरबाईंची गाडी गोल मार्गावरची होती. डेपोतून निघायचं, इस्पितळ, बाजार, कारखान्याचं फाटक करत पन्नास मिनिटांनी डेपोत परत. दहा मिनिटं विसावा, की पुन्हा तीच फेरी. पाळीत सहा फेऱ्या. शहाणी पोचली तेव्हा त्या निघायच्या बेतात होत्या. त्यांनी तिला पाहिलं, मान हलवली आणि गाडी बाहेर काढली. ठकीने हात हलवला आणि कागद फाडण्याचं आपलं काम पुढे चालू केलं.

"रडत नाही ती?" शहाणीने मावशींना विचारलं.

"सुरुवातीला रडायची की. डेपो डोक्यावर घ्यायची." मावशी एका पोराचं नाक पुसत म्हणाल्या. "मग कळलं तिला. बाई दिवसातून सहा वेळा जातात आणि सहा वेळा येतात. माणसानं रडायचं तरी किती? आमचे हे एकदाच कामाला जातात, तर मी त्यांच्यासाठीही रडत नाही."

शहाणीने वहीत काहीच लिहिलं नाही. सोमवारच्या अहवालाचं पहिलं वाक्य तिच्या डोळ्यांपुढे आलं. पण दुसरं वाक्य शिल्लक होतं. पुनर्भेटीला प्रतिसाद नाही. ते तर तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पन्नास मिनिटं होत आली. मैदानात चार-पाच गाड्या ये-जा करत होत्या, सगळ्यांचे आवाज शहाणीला सारखेच. एकाएकी ठकीने कान टवकारले. हातातला कागद टाकला, तुरुतुरु दारापाशी गेली, फळीशेजारच्या ठेंगण्या बाकावर चढून बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. भिंतीला पाठ, मान ताठ. सोमवारी बसली होती अगदी तश्शी. दोन क्षणांनी ड्रायव्हरबाईंची गाडी फाटकातून आत वळली.

गाडी मागे घेत घेत आपल्या जागी उभी राहिली. इंजिन थांबलं. ड्रायव्हरबाई उतरल्या. शहाणी पाहत होती आणि ठकी हलायला तयार नव्हती. बाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं, डावीउजवीकडे पाहिलं. मग पिवळ्या रेघेपाशी येऊन फळी उघडली, रेघेपलीकडे मागे सरून दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि मैदान दणाणून सोडलं.

"ठकेऽऽऽ!"

बाण सुटावा तशी ती पोर सुटली. बाक, फळी, रेघ, सगळं मागे टाकून तिने जी धडक मारली ती थेट ड्रायव्हरबाईंच्या गुडघ्यांवर. तोंडाने 'डायवल, डायवल' असा घोष, एक चप्पल वाटेतच राहिलेली. बाईंनी तिला उचलून खांद्यावर टाकलं आणि ती त्यांच्या मानेत तोंड खुपसून गप्प झाली.

शहाणीच्या हातातली वही खाली पडली. "रोज असंच?" तिने कसंबसं विचारलं.

"सहाच्या सहा वेळा," मावशी म्हणाल्या. "आल्याच्या पहिल्या आठवड्यात पोर गाडी दिसताच धावत सुटली होती. तेवढ्यात दुसरी एक गाडी मागे सरकत येत होती. वीतभर अंतर राहिलं असेल. मेकॅनिकने झडप घालून उचलली म्हणून आज आहे. बाई तर तेव्हा अशा थरथरत होत्या की दुसऱ्याला फेरी घ्यायला लागली. त्या दिवसापासून नियम. बाई आल्या तरी हात खाली दाबून बसायचं. हाक आली की उठायचं. हाक नाही, तर जागचं हलायचं नाही. पंधरा दिवस शिकवलं हो बाईंनी, रोज, न चिडता."

शहाणीने कपाळाला हात लावला. ठकी सोमवारी तीन वेळा त्या भिंतीशी बसून जिवाचा कान करून हाकेची वाट पाहत होती, आणि हाक मारू नका असं सांगणारी शहाणी समोर कोपऱ्यात बसून 'प्रतिसाद नाही' असं मोत्यासारख्या अक्षरात लिहीत होती. जगात एवढा प्रतिसाद तिने कुठे पाहिला नव्हता.

विसाव्याची दहा मिनिटं होती, त्यातली तीन संपली होती. ती तशीच मैदानात गेली. ड्रायव्हरबाई गाडीच्या पायरीवर बसून ठकीच्या तोंडात बिस्किटाचे तुकडे घालत होत्या.

"बाई, मला तुमच्याशी बोलायचंय. सोमवारचं."

"बोलण्यासारखं काही राहिलं नाही," ड्रायव्हरबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि शहाणीला रागापेक्षा तेच जास्त जड गेलं. त्यांनी वरच्या खिशातून चौघडी केलेला कागद काढला. "हे तुमच्या कार्यालयात द्या. ठकीसाठी केलेला माझा अर्ज मागे घेतेय. पाळी संपल्यावर मीच आणून देणार होते."

"का?"

"का म्हणजे? अकरा महिने जेवू घातलं, न्हाऊ घातलं. पण अनोळखी खोलीत पोर जिच्याकडे धावत जाईल अशी कोणीतरी तिला मिळायला हवी. माझ्याकडे नाही आली. तुमचं शास्त्र खोटं बोलणार आहे का?" एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. ठकीने बिस्किटाचा ओला तुकडा त्यांच्या गालाला लावला.

"शास्त्र नाही खोटं बोलत. मी घोटाळा केला," शहाणी म्हणाली. मग तिने एका दमात सगळं सांगितलं: सूचनांच्या कागदावर हाकेबद्दल अक्षर नव्हतं, ते वाक्य तिचं स्वतःचं, निव्वळ फाजील हुशारी, आणि ठकीला तर हाकेवाचून उठायचंच नाही असं शिकवलेलं. "ती बसली होती बाई, कारण तुम्ही सांगितलं होतं बसायला. आपण दोघींनी मिळून तिला तीन वेळा बसवून ठेवलं."

ड्रायव्हरबाई बघतच राहिल्या. त्यांच्या डोळ्यांपुढून ती खोली, ती भिंत, ते मांड्यांखाली घातलेले हात सरकून जात असावेत. एकाएकी त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे भरून वाहू लागले. "अगं बाई," त्या ठकीला म्हणाल्या, "अगं माझे बाई." तेवढ्यात गाडी सुटण्याची घंटा झाली. त्यांनी बाहीने तोंड पुसलं, ठकीला मावशींच्या हवाली केलं आणि गाडीत चढल्या. कागद शहाणीच्याच हातात राहिला होता. खिडकीतून वाकून त्या ओरडल्या, "तो फाडा आधी!"

शहाणीने तो तिथेच फाडला. मग पाळी संपेपर्यंत ती बाकावर बसली आणि उरलेल्या सगळ्या फेऱ्यांचं निरीक्षण तिने लिहून काढलं, वेळेसकट. एकदा तर ठकीने तिलाही शेजारी बसवून तिचे हात मांड्यांखाली दाबून घेतले. शहाणी मुकाट्याने तशी बसली. इतक्या दिवसांत तिला एवढं बरं वाटलं नव्हतं.

शुक्रवारी समितीपुढे तिने दोन अहवाल ठेवले. मॅडमनी विचारलं होतं की जुना नेणं गरजेचं आहे का, आणि शहाणी म्हणाली होती, आहे. अध्यक्षीणबाई वयाने बऱ्याच, बोलायला तिखट. शहाणीने आधी सोमवारचा अहवाल शब्दन् शब्द वाचला, मग त्यात काय चुकलं ते सांगितलं आणि मग गुरुवारचा वाचला. तिने एक ओळ गाळली नाही.

"म्हणजे तुमच्या एका वाक्यापायी या मुलीचं घर जात होतं," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"हो," शहाणी म्हणाली.

"हिच्या एकटीच्या नाही," समोर बसलेल्या ड्रायव्हरबाई अचानक बोलल्या. "ही तर पोरीला एक दिवस ओळखत होती. मी अकरा महिने ओळखते. तरी मी परीक्षेवर विश्वास ठेवला, पोरीवर नाही. माझी चूक हिच्याहून मोठी आहे."

अध्यक्षीणबाईंनी घसा खाकरला. "चुकांची वाटणी तुम्ही दोघी बाहेर जाऊन करा," त्या म्हणाल्या. "आमच्याकडून हरकत नाही. इथे भरा आणि सही करा." त्यांनी कायमच्या ताब्याचा कागद पुढे सरकवला.

ड्रायव्हरबाईंनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, धंदा लिहिला. मग पेन थांबलं. पुढचा रकाना होता मुलीशी नात्याचा. अकरा महिने प्रत्येक कागदावर त्या तिथे 'तात्पुरती पालक' लिहीत आल्या होत्या. त्यांनी शहाणीकडे पाहिलं.

"इथे काय लिहू? ती तर मला डायवल म्हणते."

शहाणीपाशी प्रत्येक गोष्टीला शब्द असायचा, एकाला चार असायचे.

"तिला काय म्हणायचं ते म्हणू दे," ती म्हणाली. "तुम्ही आई लिहा."

"एवढंच?"

"एवढंच."

ड्रायव्हरबाईंनी पेन घट्ट धरलं आणि आपल्या मोठ्या हाताने, रकान्याबाहेर जाईल एवढ्या अक्षरात, आई असं लिहिलं.